अण्णा, रंकाळ्यावरून घ्या

बसा रे, बसा. लाईट काही एवढ्यात येत नाही. आपल्या पेठेतली लाईट म्हणजे सासुरवाडीला गेलेला जावई, सावकाश जेवूनखाऊनच परतणार. शांभवी, तू त्या पायरीवर बस, तिथं वारं लागतं. पृथ्वीराज, मोबाईलची बॅटरी बंद कर बघू. डोळ्यात जातीय.

तुमच्या उद्याच्या पावण्यांचं चाललं होतं ना मघाशी? मी मुद्दाम ऐकत नव्हतो. पण तुमची गॅलरी अन् माझी खिडकी एवढी जवळ आहे की तुमच्याकडं फोडणी पडली की ठसका मला लागतो. पुण्याच्या मैत्रिणी येणार. सकाळी अंबाबाई, मग न्यू पॅलेस, दुपारी पन्हाळा, येताना जोतिबा, संध्याकाळी रंकाळा, रात्री तांबडा-पांढरा. सगळं ठरवून ठेवलंस. चांगलं आहे. पण पोरी, एक विचारू? त्यांना काय बघायचंय ते विचारलंस का?

"काका, त्यांना काय माहीत इथं काय आहे ते?" म्हणालीस ना आत्ता?

अगदी हेच वाक्य आमचा पिराजी म्हणायचा.

पिराजी म्हणजे तो कोपऱ्यावरचा रिक्षावाला. माझ्या भिंतीला भिंत लागून घर. तुम्ही बारकी होता तेव्हा, आठवणार नाही. पंधरा वर्षं झाली जाऊन. तो असेतोवर ही गोष्ट मी कुणाला सांगितली नाही. आता सांगतो. माणूस उंचापुरा, मिशा अशा वर वळलेल्या, आवाज एवढा की रिक्षाला हॉर्न बसवायची गरज नव्हती. लहानपणी आपल्याच तालमीत चार वर्षं माती अंगाला लावलेली, त्यामुळं तालमीची एक किल्ली त्याच्याकडं असायची. सुट्टीच्या दिवशी मारुतीपुढं दिवा लावायचं काम त्याचं.

आणि पावणं दिसलं की हा सुटलाच. स्टँडवर परगावचं कुणी उतरलं की म्हणायचा, "राजधानी हाय ही, पावणं! गादीचं गाव हाय! असं तोंड धुवून निघून गेलासा तर आमचं नाक जातंय!" माणूस म्हणत असायचा की मला फक्त दवाखान्यात जायचंय, तरी हा वाटेत भवानी मंडप दाखवूनच सोडायचा. पैशासाठी नव्हे हं. निम्म्या वेळा घ्यायचाच नाही. हौस. आपलं गाव दुसऱ्यानं तोंडात बोट घालून बघावं, एवढीच हौस. तुम्हा-आम्हा सगळ्यांनाच आहे ती, त्याला जरा जास्त होती.

अठ्ठ्याण्णव सालची गोष्ट. डिसेंबर. मार्गशीर्षातली अमावास्या, वार शुक्रवार.

दुपारी स्टँडवर गडहिंग्लजकडच्या गाडीतनं एक बाई उतरली. पन्नाशीची असेल. कपाळाला विभूती, गळ्यात लिंग, हिरवट इरकल नेसलेली. हातात एक पितळी डबा, वरनं फडकं घट्ट बांधलेलं. पार सीमेवरच्या गावची, निम्मं बोलणं कानडीच्या वळणाचं. नाव गौराबाई. ते नाव आम्हाला नंतर कळलं.

तिनं पिराजीला विचारलं, "अण्णा, मंगळवार पेठेतल्या तालमीत जायचं हाय. येता काय?"

"तालमीत? आवो, ती आमचीच तालीम की! बसा, मावशी, बसा. पयल्यांदा आलाय कोल्हापुरात?"

"व्हय."

"पयल्यांदा!" पिराजीच्या अंगात वारंच शिरलं. "मग तालीम काय पळून जात्या व्हय? जागच्या जागी हाय. आदी आमचं कोल्हापूर बघा. न्यू पॅलेस सांच्याला बंद हुतंय, त्ये आदी करूया."

"नको, अण्णा. मला तालमीतच…"

"गप बसा वो, मावशी! असं कसं नको? अंबाबाईच्या दारात येऊन तोंड फिरवून जाणार व्हय तुमी?"

गरीब गाय. परक्या गावात, परक्या माणसाच्या रिक्षात, ती किती भांडणार? डबा मांडीवर धरून बसली.

न्यू पॅलेसपाशी पिराजीनं रिक्षा थांबवली अन् सुरू झाला. हा मनोरा, हे घड्याळ, आत पेंढा भरून वाघ ठेवल्यात. "उतरा की, मावशी."

"इथनंच दिसतंय," बाई म्हणाली. पदर खाली ओढलेला, पार नाकापर्यंत.

अंबाबाईच्या देवळात शुक्रवारची गर्दी. बाईनं हात जोडले, डोळे मिटले. ते काय, सगळेच मिटतात. पण दर्शन करून महाद्वारातनं बाहेर आली तरी मान खालीच. भवानी मंडपात कमानीखालनं नेली, तर नजर फरशीवर. पिराजीला राग यायला लागला. आपण घसा कोरडा करून सांगतोय आणि ही बाई रस्त्यातले खडे मोजत्या का काय?

रंकाळ्यावर पोचले तेव्हा सूर्य पाण्यात टेकायला आला होता. तुम्हाला ठाऊकच आहे, थंडीच्या दिवसात त्या वेळी रंकाळा कसा दिसतो. पिराजीनं रिक्षा काठाला लावली, म्हणाला, "आता तरी मान वर करा, मावशी. त्यो बघा संध्यामठ. आन त्यो तिकडं नंदी हाय न्हवं, त्यो दररोज गव्हाएवढा फुडं सरकतोय आन तांदळाएवढा मागं. देवळाला टेकला की जग बुडालं!"

बाईनं पदराआडूनच विचारलं, "फुडं सरकून कुनाकडं चाललाय त्यो?"

पिराजीला हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. तो म्हणाला, "आता त्ये नंदीला ठावं. पर तुमी बघा की! डोळं मिटून बसलाय काय? एवढं दाखवतोय, आन तुमी बघंनासा. आमचं गाव एवढं वंगाळ हाय व्हय?"

तेव्हा ती बोलली.

"वंगाळ न्हाई, अण्णा. लई चांगलं आसंल. माझा मल्लेश तुमच्या तालमीत हुता. सुट्टीला घरला आला की रातभर हेच सांगायचा. रंकाळा, अंबाबाई, राजवाडा. म्हनायचा, अव्वा, तुला समदं कोल्हापूर मी दाखवनार. दुसऱ्या कुनासंगं बघायचं न्हाई. शपत घाटल्याली त्यानं. म्हनून बघंना मी."

"मग बोलवा की त्याला! कुठं हाय पठ्ठ्या?"

बाई डब्याच्या फडक्यावरनं बोट फिरवत बसली.

आणि पिराजीच्या डोक्यात लख्ख झालं. मल्लेश. सीमेवरचा. गेल्या साली कुठल्याशा जत्रेत कुस्ती लागली, पोरगा मानेवर पडला. दवाखान्यात नेईपर्यंत… तिथनंच परस्पर गावाला नेला होता. तालमीतल्या पोरांनी चार दिवस माती उकरली नव्हती.

पिराजीनं रिक्षा वळवली. थेट तालमीच्या वाटेला लागला.

डब्यात तूप होतं. घरच्या म्हशीचं. तालमीतल्या मातीच्या हौदात ताक, हळद, लिंबू, तेल घालतात ते तुम्हाला माहीत आहे. माती मऊ राहावी, पोरांना लागू नये म्हणून. मल्लेश असताना ती दर महिन्याला तूप पाठवायची. निम्मं खायला, निम्मं मातीला. तो गेल्यावर म्हशीनं दूध द्यायचं थोडंच थांबवलं? वर्षभर तिनं थोडं थोडं कढवून साठवलं. पोरगा ज्या मातीत लोळला, त्या मातीत आपल्या हातानं तेवढं तूप मिसळायचं. एवढ्यासाठी ती आली होती. बाकी तिला काही नको होतं.

तालमीच्या दारात पोचले तोवर अंधार पडला. अमावास्येला आपल्या तालमीत मेहनत बंद. पोरं गावाकडं गेलेली, वस्ताद बाहेरगावी. किल्ली पिराजीच्या खिशात. पण आता दुसरीच अडचण. तालमीत बाईमाणूस पाय ठेवत नाही. आजसुद्धा ठेवत नाही, तेव्हा तर नावच काढायला नको. मारुतीचं ठिकाण.

पिराजी म्हणाला, "मावशी, डबा द्या माज्याकडं. मी घालतो. देवाशपत, समदं घालतो."

"त्याला माझ्या हातचं लागतंय, अण्णा."

"आवो, पर रीत न्हाई. वस्ताद असतं तर इचारलं असतं. दुपारीच आलो असतो तर त्ये हुतं की हितं. चार वाजता गेलं गावाला."

बोलला, आणि आपण काय बोललो ते त्याचं त्यालाच कळलं. वस्ताद चारला गेले. बाई स्टँडवर उतरली तेव्हा होते. ती पहिल्याच बोलण्यात म्हणाली होती, तालमीत जायचंय.

बाई उंबऱ्याबाहेरच वाकली, दाराच्या चौकटीला हात लावून कपाळाला लावला. म्हणाली, "शेवटची गाडी हाय, अण्णा. सोडा मला."

"ऱ्हावा की आमच्यात. बनाबाई हाय घरात. सकाळी वस्तादांस्नी फोन लावतो."

"न्हाई. म्हस खोळंबली आसंल."

त्यानं तिला शेवटच्या गाडीत बसवलं. खिडकीशी जागा धरून दिली. गाडी हलली तरी ती समोरच्या सीटकडं बघत होती, म्हणे. बाहेर नाही.

पिराजी घरी आला, जेवला नाही. मी त्याला दारातनं हाक मारली, "काय रं, आज आवाज न्हाई तुजा?" तर हात हलवून आत गेला. मला तेव्हाच वाटलं, काहीतरी झालंय. आता दुसऱ्याच्या घरात काय झालंय ते कळल्याशिवाय मला झोप लागत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. हसू नका. त्या रात्री मी जागा होतो म्हणून पुढचं सांगू शकतोय.

मध्यरात्र उलटून गेली होती. कुत्रीसुद्धा निजलेली. पिराजीच्या दाराची कडी वाजली.

मी खिडकीशी गेलो. आपल्या बोळातला तो खांबावरचा दिवा तेव्हा चालू असायचा. पिराजीनं दार उघडलं. उंबऱ्यात उभा राहिला आणि म्हणाला, "मावशी? गाडी चुकली व्हय?"

बोळात कुणी नव्हतं.

मी डोळे चोळून बघितलं. दिवा लख्ख. पायरी मोकळी. आणि पिराजी पायरीकडं बघून बोलत होता. पिणारा माणूस नव्हे तो. कधीच नव्हता.

आतनं त्याची बायको बनाबाई ओरडली, "कोन हाय वो?"

"मघाच्या मावशी हायत. त्यांचा डबा रिक्षात ऱ्हायलाय."

तो रिक्षापाशी गेला. मागं वाकून बघितलं. डबा होता, सीटच्या कोपऱ्यात. त्याचं त्याच्याही ध्यानात आलं नव्हतं. मग त्यानं असा बाजूला होऊन, आपण पाहुण्याला वाट देतो ना, तसा हात केला.

आणि रिक्षाचं मागचं अंग… खाली बसलं.

जरासंच. कुणीतरी हलकं माणूस टेकावं तेवढं.

रिक्षा बोळातनं निघून गेली.

इथनं पुढचं पिराजीनं मला सांगितलं. एकदाच. त्यानंतर मरेपर्यंत नाही.

तो म्हणाला, रिक्षात ती बसली तेव्हा मला काही वाटलं नाही, गणपा. गाडी चुकली, बिचारी चालत आली, एवढंच वाटलं. मनात एकच होतं. आता हिला नाही म्हणायचं नाही. रीत गेली खड्ड्यात.

तालमीचं कुलूप त्यानं काढलं. दार ढकललं. म्हणाला, "जावा, मावशी. मी हितं पाठ करून हुबा ऱ्हातो. कुनी बघितलं न्हाई, कुनी आडवलं न्हाई." आणि रस्त्याकडं तोंड करून उभा राहिला.

इरकलीचा आवाज त्याच्या अंगाला घासून गेला. पावलांचा नाही.

थोडा वेळ काही नाही.

मग डब्याचं झाकण निघालं. ते त्यानं ऐकलं. मग माती कालवल्याचा आवाज. हातानं. सावकाश. भाकरीचं पीठ मळावं तसा.

मग तोही थांबला.

मग…

शड्डू.

पैलवान कुस्तीला उतरताना मांडीवर थाप मारतो ना, ती. रिकाम्या तालमीत. अंधारात. एकच.

पिराजीनं वळून बघितलं नाही. समोर रिक्षा उभी होती, अंधारात तिचा नुसता आकार दिसत होता. त्याच्या अंगावरनं गार हवा गेली. ओल्या मातीचा वास आला, हळदीचा, तुपाचा. आणि त्याच्या डोळ्यांदेखत रिक्षा खाली बसली.

ह्या वेळी चांगलीच. स्प्रिंगा करकरल्या.

मागनं बाईचा आवाज आला. दिवसभरातला तिचा आवाज दबलेला होता, हा तसा नव्हता.

"अण्णा… रंकाळ्यावरून घ्या."

तो बसला. आधी हात वर करून आरसा छताकडं वळवला. मग किक मारली.

रस्त्यात माणूस नाही. दिवे पिवळे. रिक्षा जड चालत होती, चढाला हुंकारत होती. रंकाळ्याच्या काठाला त्यानं थांबवली, मघा थांबवली होती तिथंच. सवयीनं तोंड उघडलं. संध्यामठ, नंदी, सगळं ओठावर आलं.

आणि मागनं आवाज आला. पोरसवदा. घोगरा.

"नोड, अव्वा. नोड."

एवढं कानडी आपल्यालाही कळतं. नोड म्हणजे बघ.

पिराजी गप्प राहिला. जन्मात पहिल्यांदा, पाहुण्याला गाव दाखवताना तो गप्प राहिला. मागं कुजबूज चालली होती. एक आवाज सांगत होता, दुसरा हुंकार देत होता. मधेच बाई हसली. लहान पोरगी हसावी तशी.

तो मला म्हणाला, गणपा, मला भ्या वाटलं न्हाई. मला रडू आलं.

मग तो आपणच निघाला. महाद्वार. थांबला. "नोड, अव्वा." भवानी मंडप. थांबला. राजवाड्याचं फाटक. थांबला. जिथं जिथं तिनं दिवसा डोळे मिटले होते तिथं तिथं तो थांबला, आणि मागं वळला नाही.

शेवटी स्टँडवर आला. गाड्या सगळ्या अंधारात. इंजिन बंद केलं.

बऱ्याच वेळानं स्प्रिंगा वर आल्या.

तो तिथंच बसून राहिला. उजाडलं, चहाच्या गाड्यावर स्टो पेटला, तेव्हा स्टँडवरची माणसं बोलताना त्यानं ऐकलं. रात्रीच्या शेवटच्या गडहिंग्लज गाडीतली एक बाई खिडकीशी झोपली होती. निपाणीला कंडक्टर उठवायला गेला, तर उठेना. अंग गार पडलेलं.

निपाणीला, इथनं तासाभराच्या वाटेवर. म्हणजे पिराजीच्या दाराची कडी वाजायच्या किती आधी, ते तुम्हीच बघा.

वस्ताद दुपारी परत आले. हौदाच्या कडेला पितळी डबा पडलेला, मोकळा. मधली माती तुपानं काळी झालेली. पिराजी त्यांच्या पायाशी बसला आणि सगळं सांगितलं, दार उघडलं तेही. आम्हाला वाटलं, आता हे त्याला तालमीतनं काढणार. वस्तादांनी डबा उचलला, धोतराच्या सोग्यानं पुसला. मग पोरांना म्हणाले, "माती सगळी नीट खालीवर करून घ्या रं. तूप एका जाग्याला ऱ्हाऊ देऊ नका." बास. आणि आत निघून गेले.

त्यानंतर पिराजीनं रिक्षा चालवली, नाही असं नाही. पण पाहुणा बसला की एकच विचारायचा, "कुठं जायाचं?" आणि सांगेल तिथं सोडायचा. लोक म्हणायचे, पिराजीचा आवाज बसला.

एक सांगायचं राहिलंच.

त्या दिवशी सकाळी तो स्टँडवरनं बोळात आला तेव्हा मी दारातच होतो. रात्रभर झोपलो कुठं होतो? तो पायरीवर बसला, बनाबाईनं पाणी आणलं. आणि मी, माझी खोड काय जाते व्हय, रिक्षाच्या मागं जाऊन वाकून बघितलं.

हिरव्या रेक्झिनची सीट. एका बाजूला तांबड्या मातीचा ठसा. भलामोठा. रुंद पाठीचा, घामेजल्या अंगाचा, हौदातनं नुकतंच कुणी उठून आल्यासारखा. अजून ओला.

आणि त्याच्या शेजारी, बारक्या अंगाचं माणूस बसावं एवढ्या जागेत, तुपाचा हात टेकल्याचा डाग.

दोन्हींच्या मधे बोटभरसुद्धा जागा नव्हती.